चार बोटं माया

चिक्कव्वाचा ब्लाउज मी आत घेतला, त्यानंतर बरोबर नवव्या दिवशी ती गेली. सहा आठवडे झाले आता. शेवटचे दोन महिने तिला अन्न जात नव्हतं. पेज दिली की दोन चमचे घ्यायची आणि तिसऱ्याला हात आडवा धरायची. त्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा भर दुपार होती. ती कॉटवर भिंतीला टेकून बसली होती आणि ब्लाउजची बाही खांद्यावरून सारखी घसरत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगाला कपडा बसवलेली बाई ती... तिला ते कसं सहन व्हावं? म्हणाली, “सुनी, ह्यो आत घे गं. बुजगावण्यागत दिसतंय.” मी तिचाच सुईदोऱ्याचा डबा काढला, चारदा चुकून पाचव्यांदा सुई ओवली, त्यावर ती मनापासून हसली, आणि कॉटच्या कडेला बसून मी दोन्ही बाजूंना धावदोरा घातला. माझं होत आलं तेव्हा तिनं एक प्रश्न विचारला. तो शेवटी सांगते, कारण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय तो तुम्हाला कळायचा नाही.

चिक्कव्वा म्हणजे कानडीत मावशी, आईची धाकटी बहीण. आईचं माहेर कर्नाटकच्या हद्दीवरच्या मैंदर्गीचं, त्यामुळे आमच्या घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि भांडण झालं की दोन्ही एकदम. तिचं खरं नाव गौराबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती दोन उन्हाळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर पाणी पिऊन पदर आवळून झोपायचं. त्यानंतर ती सोलापूरला आमच्याकडे आली ती एका गाठोड्यासकट. भवानी पेठेत आमच्या घराला रस्त्याच्या बाजूला एक बारकी खोली होती, तिथं माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तिला जुनं पायमशीन घेऊन दिलं. वर्षभरात ती पेठेतली शिलाईवाली गौराबाई झाली. बाई मोठी तोंडाळ, पण गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला. “ऊटा आयतेनु?” जेवण झालं का? मराठी, तेलुगू, मुसलमान, कुणीही असो, तिला हेच विचारायची. एकदा वीजबिलवाल्यालाही विचारलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं बिलाबद्दलच काहीतरी आहे.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. मापं लिहायची कशी? तर तिनं स्वतःची रीत काढली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कापडी पट्टी. अंगाला धरून छातीला एक गाठ, कमरेला एक गाठ, बाहीला एक गाठ. अशा पन्नासेक पट्ट्या खिळ्यांना लोंबत असायच्या, आणि कुठली कुणाची हे तिला पट्टीच्या काठावरून बरोबर कळायचं. दुसरी गोष्ट म्हणजे माया. शिवण घालताना आत जे जास्तीचं कापड सोडतात, पुढं अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. पेठेतले बाकीचे शिंपी बोटभर सोडायचे, ही दोन-दोन बोटं सोडायची. कापड कमी पडलं तर बाहीची लांबी कमी करील, पण माया नाही. विचारलं तर म्हणायची, “लागंल की.”

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. अंगानं चांगली भरलेली, उंच, अप्पांवर गेलेली. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. वाटायला लागलं ते गॅदरिंगला. फिशपाँड म्हणून एक प्रकार असतो, निनावी चिठ्ठ्या माइकवरून वाचायच्या आणि ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्यानं उठून ती घ्यायला जायचं. माझं नाव पुकारलं आणि वाचलं, “आपल्या वर्गाची सोलापुरी चादर... डबल!” सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले, उठले, चिठ्ठी घेतली, परत येऊन बसले. त्या खुर्चीपासून व्यासपीठापर्यंतचं अंतर मी आयुष्यात किती वेळा चाललेय, देवालाच ठाऊक. आज एखादीनं सांगितलं तर मी म्हणेन, अगं चादर तर चादर, उबेची तरी आहे! पण एकोणीस वर्षांच्या पोरीला हे कुठून सुचणार...

त्यात सिनेमाचे दिवस. टांग्याला दोन्ही बाजूंनी नट्यांची चित्रं लावून कर्ण्यावरून ओरडत जायचे. वाचनालयात सिनेमाची मासिकं यायची, ती आम्ही मैत्रिणी पाळीपाळीनं घरी न्यायचो. त्यात एक पान सौंदर्याचं. अमकीची कंबर कशी राहिली, तमकी दिवसाकाठी काय खाते. ते पान मी पाठ केलं होतं, पोथी करावी तसं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याच नट्यांची कात्रणं चिक्कव्वाच्या भिंतीवर चिकटवलेली! पोरी यायच्या, बोट दाखवायच्या, “मावशी, हिच्यासारखा गळा काढा.” चिक्कव्वा चित्राकडे एक डोळा बारीक करून बघायची आणि नुसत्या नजरेनं कापड बेतायची. धंदा जोरात होता.

मी खाणं कमी केलं. आता घरात वाढलेलं ताट परत करायचं म्हणजे आई हजार प्रश्न विचारणार. पण उपास म्हटलं की आपल्याकडे कुणी काही विचारत नाही. श्रावणात सोळा सोमवार धरले. निरंकार, म्हणजे साबुदाणासुद्धा नाही. सोमवारला गुरुवार जोडला, मग शनिवार, मग चतुर्थी, प्रदोष. कॅलेंडरात मला कुठला ना कुठला देव सापडायचाच. एकादशी धरली तेव्हा मात्र आई जरा थबकली. “आपल्यात एकादशी कुटं असती गं?” आम्ही लिंगायत, आमचा एकादशीशी काय संबंध? मी म्हटलं, देव सगळे एकच. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोर किती मोठ्या मनाची निघाली म्हणून तिनं ते दहा घरी सांगितलं. मी देवाच्या नावावर आईला फसवत होते आणि तिला माझा अभिमान वाटत होता. तो उजेडाचा काळ होता असं मला त्या वेळी वाटायचं, हेही खरं. अंग हलकं, डोकं हलकं, आपण कुणीतरी विशेष आहोत असं वाटायचं. केस हातात यायला लागले, ऊन असून हातपाय गार पडायला लागले, तेही मला तपश्चर्येचंच वाटलं.

आणि पेठेनं तर कमालच केली. कुणी म्हणे चेहऱ्यावर तेज आलंय. कुणी हळदीकुंकवाला मुद्दाम आधी बोलवे. शेजारच्या घरात नवस होता, तिथल्या म्हाताऱ्या बाईनं मला पाटावर बसवून माझ्या पायांवर पाणी घातलं आणि वाकून नमस्कार केला. सत्तरीच्या बाईनं! मी पाय ओढून घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. माझी नजर तिच्या पांढऱ्या केसांवर होती आणि मनात काय चाललं होतं? घोटे बारीक झालेत हे हिला दिसलं का... आजही त्या आठवणीनं मला माझीच शरम वाटते.

पौष उजाडला. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, सगळ्यांना नवे ब्लाउज शिवायचे होते. मी चिक्कव्वाला बजावून सांगितलं, “एकदम फिट पाहिजे. ह्या चित्रातल्यासारखा. आणि आत माया अजिबात ठेवायची नाही, फुगीर दिसतं.” ती “बरं” म्हणाली. इतकं सरळ “बरं” तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. खिळ्यावरची माझी पट्टी काढली आणि दार लोटून घेतलं. छातीला पट्टी गुंडाळली, गाठ मारली. कमरेला गुंडाळली, गाठ मारली. मग बाही मोजायला अगदी जवळ आली आणि थांबली. माझ्या तोंडाशी तोंड आणून तिनं चक्क वास घेतला. मी मागं सरकले. ती मशीनच्या स्टुलावर बसलीच. “सुनी, किती दिस झालं जेवली न्हाईस?”

“उपास आहे ना...” मी म्हटलं.

“त्ये मला नगं सांगू. त्यो वास मला ठावं हाय. खडीवर बायकांच्या तोंडाला यायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्याच तोंडाला यायचा.” तिनं पट्टी माझ्यापुढं धरली. कमरेच्या गाठींची एक रांगच झाली होती. एकेका गाठीवर बोट ठेवून ती सांगत गेली, “ही नागपंचमीची. ही दसऱ्याची. ही दिवाळीची. आन् ही आत्ताची. मला लिवता येत न्हाई म्हून मला काय दिसत न्हाई व्हय?” मग आवाज खाली आणून विचारलं, “कावळा कदी शिवलाय?” पाळीबद्दल आमच्याकडे असंच विचारतात. मी मान खाली घातली. दसऱ्यापासून शिवला नव्हता. तिनं कपाळाला हात लावला आणि मग एकदम भडकली. “आमाला मिळंना म्हून आमी उपाशी ऱ्हायलो. खडी फोडून एक भाकरी मिळाली तर चौघींत वाटून खाल्ली. आन् तू? घरात जोंधळा भरल्याला हाय, आई गरम भाकरी वाढतिया, आन् तू कुनासाटी ही दशा करून घेतलीस? देवासाटी न्हाई, मला ठावं हाय. कुनासाटी?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती उठली, ते चित्र नखानं खरवडून काढलं आणि उजेडात घेऊन बसली. मला वाटलं फाडणार. पण ती गिऱ्हाइकाचं कापड बघावं तसं बघत होती. “हिकडं ये. हिचा हात कमरंवर हाय न्हवं? मग काखंत चुणी पडाया पायजे. हाय का चुणी? मागनं टाचण्या मारल्यात सगळ्या. फटू काढला आन् सोडल्या असत्याल. ह्या ब्लाउजात तिला केस इंचरायला हात वर करता यायचा न्हाई, टर्रकन फाटंल.” मग चित्र आणखी जवळ धरलं. “आन् त्वांड बघ तिचं. ती बी उपाशीच असंल गं, बिचारी...” मग डोळ्यांना पदर लावला. “ही बया मीच भितीवर लावली. गिऱ्हाईक याया पायजे म्हून.” मला शिव्या चालल्या असत्या. तिचं रडणं मात्र झेपलं नाही, मीही रडायला लागले. आणि रडता रडता तिला खरी अडचण सांगितली. आता मला थांबता येत नाही. घास हातात घेतला की भीती वाटते. आणि खाल्लं तर सगळी पेठ म्हणेल व्रत मोडलं, आईची मान खाली जाईल.

तिनं माझी पट्टी परत खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, “धरल्यालं सोडायची बी रीत असती की. उद्यापन करू.” दुसऱ्या दिवशी तिनं आईला सांगितलं की सुनीचं व्रत फळाला आलंय, गौरीशंकरानं माझ्या सपनात येऊन सांगितलं. चिक्कव्वाच्या स्वप्नात देव! आईला आनंदानं दुसरं काही सुचेना. पुढच्याच सोमवारी मठातले जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, बोलावले, पाच सवाष्णी, शेजारपाजार, पंचवीसेक पानं. गव्हाची खीर, तिला आम्ही हुग्गी म्हणतो, मोठ्या पातेल्यात गूळ घालून चिक्कव्वानं स्वतः रटारटा शिजवली. पानं वाढली, तूप पडलं, आता हात घालणार एवढ्यात ती मधोमध उभी राहिली. “थांबा. उद्यापनाचा पैला घास वर्त करनारीनं घ्याचा. तवर पंगतीनं हात लावायचा न्हाई.”

ही रीत मला आजतागायत कुठल्याही पोथीत सापडलेली नाही. मी शोधलीय. त्या क्षणी तिनं ती उभ्याउभ्या तयार केली. आईसुद्धा गोंधळली. सगळ्यांनी जंगमांकडे बघितलं. ते वयस्कर, सकाळपासून उपाशी, समोर तुपाची खीर. त्यांनी एकदा चिक्कव्वाकडे बघितलं, एकदा माझ्या मनगटांकडे, आणि शांतपणे म्हणाले, “व्हय. तशी रीत हाय.” पंचवीस माणसं हात आवरून बसली. म्हातारी माणसं, लहान पोरं, माझ्या पायांवर पाणी घालणारी ती बाईही. किती वेळ गेला कोण जाणे. एक पोर म्हणालं, “अक्का, खा की, लई भूक लागलिया.” मी घास उचलला आणि खाल्ला. गोड होता, एवढंच आठवतं, आणि माझं नाक वाहत होतं. चिक्कव्वानं “हूं, जेवा आता” म्हटलं आणि ती खरकटा डाव घेऊन आत निघून गेली.

एका घासानं मी बरी झाले असं कुणी समजू नये. वर्ष गेलं, थोडं जास्तच. डॉक्टरीणबाईंनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, ह्या दुखण्याला नाव असतं हे तेव्हा आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. उद्यापन झाल्यावर चिक्कव्वानं मला हूक-काज करायला बसवलं, रोज बारा ते दोन. एक वाजला की ती भाकरी, शेंगाची चटणी, कांदा काढायची. “खा” असं एकदाही म्हणाली नाही. “मला एकटीला जेवायला व्हत न्हाई, तुकडा मोड,” एवढंच. काही दिवस मी तुकडा मोडून तसाच ठेवून द्यायचे. ती बघून न बघितल्यासारखं करायची, पेठेतल्या भानगडी सांगायची, मधेच एखादीची नक्कल करायची, आणि हसता हसता तुकडा पोटात जायचा. काही दिवस जायचा नाही आणि मी तिच्यावर ओरडायचे. तीही ओरडायची. भिंतीवरची चित्रं गेली होती, गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणायची, “वाळवी लागली.” पुन्हा कावळा शिवला तेव्हा वैशाख आला होता. मी तिच्या कानात सांगितलं, तर तिनं भर दुपारी मशीन बंद केलं आणि पुन्हा पातेलंभर हुग्गी शिजवली. कशाची विचारलं तर सगळ्यांना सांगितलं, मशीनचा वाढदिवस.

आणि तो संक्रांतीचा ब्लाउज. तो काखेत आणि कमरेत घट्ट व्हायला लागला तेव्हा मी घाबरले. रात्रभर तळमळले आणि सकाळी तो तिच्यापुढं टाकला. “गेला फुकट. आता हा काय वाढायचा नाही.” तिनं तो उलटा केला. आत शिवणीच्या एकाखाली एक चार रांगा होत्या, आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया, सपाट घडी घालून, हातशिलाईनं अशी दाबून टाकलेली की अंगात घातल्यावर मला कधी जाणवली नव्हती. ब्लाउज तिनं माझ्या नागपंचमीच्या गाठीवर बेतला होता, आणि मग संक्रांतीच्या गाठीपर्यंत आत घेतला होता. मी म्हटलं, “माया ठेवू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?” ब्लेडनं एक रांग उसवत ती म्हणाली, “तू सांगितलंस. मी कुटं ऐकलं?” पुढच्या वर्षभरात तिनं एकेक करून तीन रांगा उसवल्या. शेवटची उसवली तेव्हा मी बी. ए. झाले होते.

पुढं माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, मुलं झाली, अंग भरलं, उतरलं, पुन्हा भरलं. माझे सगळे ब्लाउज तिनंच शिवले, हात थरथरायला लागेपर्यंत. शाळेत एखादी पोर डबा न उघडता परत नेताना दिसली की मी तिला स्टाफरूममध्ये बोलवायचे आणि म्हणायचे, मला एकटीला जेवायला होत नाही गं. हे मी कुणाकडून शिकले ते त्या पोरींना कधी सांगितलं नाही. चिक्कव्वाला मात्र सांगायचे. ती म्हणायची, “शिलाईचं काय शिकली न्हाईस, येवढं तरी शिकलीस.”

आता तो प्रश्न. त्या दुपारी कॉटच्या कडेला बसून मी दोरा तोडत होते. तिनं विचारलं, “किती घेतलास आत?” मी सांगितलं, दोन बोटं. खरं तर चार होती. तिनं हात आत घालून शिवणीवरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला मी काय फसवणार? तिनं हात बाहेर काढला. डोळे मिटून बसली. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, “सुनी... कापलं न्हाईस न्हवं?”

“नाही गं. माया तशीच ठेवलीय सगळी.”

“ब्येस केलंस,” ती म्हणाली. “लागंल की.”

नवव्या दिवशी गेली. तिच्या गाठोड्यातलं फारसं काही मी आणलं नाही, तो ब्लाउज तेवढा आणला. परवा कपाट आवरताना हातात आला. उलटा करून बघितला. माझाच वाकडातिकडा धावदोरा, आणि आत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया. एक टोक ओढलं तर सगळा निघून येईल, पण ओढवेना. घड्याळात एक वाजला होता. ब्लाउजची घडी घालून ठेवली, डोळे पुसले, आणि ताट वाढून घेऊन जेवायला बसले.